जराहारक अर्काची हकीकत

श्री. काळ सर्वांस गिळतो आणि तोंडही पुसत नाहीं, त्या काळास दुरूनच नमस्कार करून ही हकीकत लिहिली आहे. शके एकोणीसशें चाळीस, विलंबी नाम संवत्सरीं, सरहद्दीवरील वृद्धालयाच्या डाक्तर सगुणाबाई यांचें पत्र राज्याचे आयुर्विद्यापंडित त्र्यंबकपंत यांस पावलें, आणि पंतांनीं उत्तर दिलें नाहीं. बाईंनीं लिहिलें होतें, "आपला जराहारक अर्क सरकारी हुकुमानें येथील म्हाताऱ्यांस चालू आहे. ताप आला तरी अर्कच पाजावा, दुसरें औषध देऊं नये, असा हुकूम. म्हातारीं तापानें जातात. एक पुसतें, राग नसावा. आपले कृमी जे जंतू खात होते, ते अर्क घातल्यावर जिवंत राहिले कीं मेले?"

या प्रश्नाचें मूळ ऐसें. महाराजांस आरशांत पहिला पांढरा केस दिसला, आणि लागलीच हुकूम सुटला कीं राज्यांतील जरेचा, म्हणजे म्हातारपणाचा, बंदोबस्त करावा. मग ज्यांस पंगतींत मीठ मागण्याचाही धीर नव्हता त्या भिडस्त पंतांस ही मोहीम सांगितली. पंतांनीं केसागत बारीक कृमी काचेच्या थाळ्यांत पाळले. त्या विद्येची रीत ऐसी कीं कृमींस जिवंत जंतूंचें अन्न घालावें, आणि कृमी म्हातारा जाहला कीं तेंच अन्न त्याचे पोटीं माजून त्यास मारतें. पंतांनीं थाळींत अर्क घातला आणि कृमी दीडपट जगले, मग नगारे वाजले, आणि पंतांस शालजोडी व 'जरांतक' किताब मिळाला, आणि ज्या शिष्यांनीं डोळे फोडून कृमी मोजले होते त्यांस आणखी कृमी मिळाले.

पत्र वाचून पंतांनीं प्रयोग गुपचूप पुन्हा मांडला, तों जंतू मेलेले! अर्क जरेस शिवलाही नव्हता. शत्रू मेला म्हणून कृमी जगले. आणि माणसाच्या रक्तांत तर अर्क इतका पातळ होई कीं जंतूंस गुदगुल्याही होऊं नयेत. मग पंत दिवाण मल्हारराव यांजकडे धांवले. दिवाणजी विडा जमवीत म्हणाले, "पंत, कृमी जगले ना?" "जगले." "मग झालं तर! वाढलेल्या ताटावर बसून आचाऱ्याचं गोत्र कशाला विचारता?" "पण रावसाहेब, माणसं तापानं मरताहेत." "म्हातारी आहेत, मरायचीच. हा तर तुमचाच विषय!" आणि पंत घरीं आले आणि उत्तर लिहावयास बसले. पहिल्या ओळींत 'कदाचित्' आलें, दुसऱ्या ओळींत 'अधिक संशोधनाची आवश्यकता' आली, मग कागद फाडला. ऐसें बहुत दिवस चाललें.

पुढें महाराजांस छातीचा ताप भरला. पंत अर्क घेऊन हजर जाहले, तों दिवाणजींनीं त्यांस दाराशींच धरिलें. "बाटली दिसेल अशी धरा, पण देऊ नका. आत राजवैद्य जंतूंवरची सुई टोचताहेत." महाराज बरे जाहले आणि अर्काचा जयजयकार जाहला. पंत चाचरत म्हणाले, "ती सुई सरहद्दीवर...?" "खुळे का तुम्ही? हुकूम फिरवला तर अर्क खोटा पडतो." "अर्क खोटाच आहे, रावसाहेब." "हळू बोला. अंगावर अजून शालजोडी आहे."

पंतांनीं शालजोडी तेथेंच दिवाणजींच्या हातीं ठेविली, आणि घरीं येऊन एका बैठकींत लिहिलें, "बाई, जंतू मेले होते. अर्क निरुपयोगी आहे. ताप येतांच जंतूंचें औषध द्यावें. हुकूम आडवा आला तर हें पत्र दाखवावें. चूक माझी." मग पंत स्वतः डाकपेटीपाशीं गेले आणि पत्र आंत टाकलें, आणि लागलीच परत काढावें म्हणून फटींत बोटें घातलीं, तों मागून एक बाई ओरडली, "आजोबा, टाकलं ना? मग व्हा की बाजूला!" आणि पंत बाजूस जाहले.

सारांश, म्हातारपण कोणी हरविलें नाहीं. किताब गेला, आणि उत्तर डाकेस लागलें. मधल्या काळांत सरहद्दीवर किती म्हातारीं गेलीं, याची मोजदाद दप्तरीं नाहीं. कृमींची आहे.