टिटवी नामे विमानाची बखर

श्री. आधी नमन अंजनीमातेस. जिचे लेकरू उठले ते थेट सूर्यबिंबाकडे झेपावले आणि जिला खाली उभे राहोन ते पाहणे पडले, तिच्या काळजाचे काय जाहले हे कोणी विस्तारे लिहिले नाही. म्हणोन नमन तिला पहिले आणि तिच्या पुत्रास मागाहून. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, पौष मास. ते समयी राणीसाहेबांचे माहेरून मातुश्रींचा निरोप आला की, "ऋजूच्या हातात ते विमानाचं यंत्र दिलंत म्हणे? आणि तू देऊ दिलंस? दुधाचा कप हातात देताना चारदा फुंकर घालणारी तू?" त्यावरून झाला मजकूर, जैसा पाहिला तैसा, लिहोन पाठविला असे. पदरचे काही घातले नाही आणि मातुश्री रागावतील म्हणोन काही गाळिले नाही.

एक राज्य होते. राज्य म्हणावे तर चौथ्या मजल्यावरी तीन खोल्या आणि एक बाल्कनी, आणि लिफ्ट बहुतकरून बंद. तेथे राजे निरंजनराव, दिवसा परक्या कचेरीत संगणकाची चाकरी करीत आणि सायंकाळी परतोन थर्माकोल कापीत. राणीसाहेब मैथिलीबाई, रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या आणि सावध ऐशा की खेळण्याच्या खोक्यावरील बारीक अक्षर आधी वाचीत आणि खोके मग उघडीत. कन्यासाहेब ऋजुता, वय वर्षे नऊ, लाडाचे नाव ऋजू. राजियांचा छंद ऐसा की विमान विकत न घेता घरी बांधावे. थर्माकोलाचे तक्ते आणावे, नकाशा ठेवोन पंख कापावे, आत बांबूच्या काड्या भरोन बळकटी आणावी, आणि गरम डिंकाच्या पिस्तुलाने सर्व सांधावे. मग पोटात बॅटरी, नाकावरी पंखा, आणि ठायी ठायी चिमुकली यंत्रे, त्यांस सर्वो म्हणतात. रिमोटाची दांडी हलविली की सर्वो ओढ घेत आणि पंखांच्या मागील पट्ट्या वरखाली होत. उजवी पट्टी वर आणि डावी खाली जाहली की विमान उजव्या कुशीवर कलते. उलट केले की डाव्या. सर्व विद्या या कलण्याची आहे.

मागील वर्षी राजियांनी पंखा फिरता असता त्याजपुढे हात नेला आणि तर्जनीस तीन टाके पडले. राणीसाहेबांनी टाके पडताना पाहिले, आणि तेव्हापासोन घरात पंखा हा शब्द जरी निघाला तरी त्यांची नजर आधी कन्येच्या हातांकडे जाई. आणि कन्या तर रोज मागणी करी की मला उडवायचे. राजियांनी संगणकावरी खोटे विमान उडविण्याचा खेळ आणोन दिला, तो तिने दिवाळीची सुटी सगळी खेळिला, हजार वेळा आपटिले आणि हजार वेळा उचलिले, आणि तरी म्हणे, "हे खोटंय गं आई. ह्याला वारा लागत नाही." मग बहुत वाद होऊन तहनामा जाहला आणि फ्रिजच्या दारावरी चुंबकाखाली लाविला. कलम पहिले: पंखा बसविला की ऋजूने वीस पावले मागे, दोरीपलीकडे राहणे. कलम दुसरे: बॅटरी चार्ज करणे ती बाल्कनीत, मातीच्या कुंडीत वाळूवर ठेवोन, आणि कोणी एकाने शेजारी बसोन. कलम तिसरे: नवे विमान माळावरी उडोन अखंड खाली उतरल्यास पुढील रविवारी रिमोट ऋजूचे हाती, काही मोडल्यास विषय दहावीनंतर. तिघांच्या सह्या जाहल्या. कन्येने आपल्या सहीखाली विमान काढिले.

मग नव्या विमानाचे काम चालिले. कन्येने पंख कापिले, वाकडे गेले, पुन्हा कापिले. पंखाखाली दोन बोटांची टोके लावोन विमान तोलोन पाहिले, शेपूट जड निघाली, तेव्हा नाकात लोखंडी नट चिकटवोन तोल आणिला. कन्येने नाव टिटवी ठेविले, कारण माळावरी टिटव्या फार आणि त्याही कोणी जवळ आले की आरडाओरडा करोन उठतात. राणीसाहेब बोलिल्या, "हे मला उद्देशून आहे का?" कन्या बोलिली, "थोडंसं."

शनिवारी दुपारी, म्हणजे पौष शुद्ध त्रयोदशीस, कन्येने शेपूट निळी रंगविली. त्याच दिवशी पंखांमधला सर्वो, जो दोन्ही पट्ट्या ओढी, तो कुरकुर करू लागला, तो काढोन राजियांनी दुसरा बसविला. आता या कारागिरांचा नियम ऐसा की पट्टी तपासणे ती शेपटीमागे उभे राहोन, म्हणजे विमानाचे उजवे ते आपले उजवे होते. परंतु शेपटीचा रंग ओला, म्हणोन ती खिडकीच्या वाऱ्याकडे केली होती आणि नाक राजियांकडे. आणि आत पाने वाढिली होती, पिठले निवत होते, आणि राणीसाहेबांची तिसरी हाक आली होती. राजियांनी दांडी उजवीकडे लोटिली, आपल्या उजव्या हाताकडील पट्टी खाली गेलेली पाहिली, "च्यायला, उलटं चालतंय," ऐसे पुटपुटले, आणि रिमोटातील कळ फिरवोन सुलट केले. म्हणजे सुलट होते ते उलट केले. आणि हात धुवोन जेवावयास बसले.

रविवारी चतुर्दशीस सकाळी स्वारी माळावरी पोहोचली. तेथे विमाने उडविणारे जमतात, त्यांचे वडीलधारे अनंतनाना खरमाटे, एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त, डोकीस लोकरी टोपी, जिभेस हाड नाही. त्यांनी टिटवी उचलोन तोलिली आणि बोलिले, "पंख कुणी कापलेत?" कन्या दोरीपलीकडून ओरडली, "मी!" "तरीच. निरंजननं कापले असते तर भाकरीसारखे निघाले असते." मग राणीसाहेबांनी पर्समधून कागद काढिला. त्यावरी बारा प्रश्न स्वहस्ते लिहिले होते, ते त्यांनी मोठ्याने वाचिले आणि राजियांनी उत्तरे दिली. "बॅटरी पट्ट्याने बांधली?" "बांधली." "पंखा घट्ट आहे?" "आहे." "तीस पावलांवरून रिमोट लागतो?" "लागतो." "पट्ट्या हलतात?" "हलतात." "औषधपेटी?" "तुझ्या खांद्यावर आहे, मैथिली." नाना हसले, "ताई, एवढं तर खऱ्या विमानाला विचारत नसतील." राणीसाहेब बोलिल्या, "खऱ्या विमानात माझी मुलगी नाही बसलेली, नाना." "ह्यात तरी कुठं बसलीय?" राणीसाहेबांनी कागदाची घडी घातली.

मग राजियांनी पंख्यास जोर दिला आणि टिटवी जमिनीवरोन दहा-बारा पावले धावली आणि उचलली, आणि सर्वांनी वाहवा केली. इतक्यात वाऱ्याची झुळूक आली आणि विमान अंमळ डावीकडे कलले. राजियांनी सवयीप्रमाणे दांडी उजवीकडे दिली, तो ते अधिकच डावीकडे कलले. आणखी उजवीकडे दिली, तो एक पंख जमिनीकडे आणि एक आकाशाकडे जाहला. नाना ओरडले, "उजवं दे, उजवं! झोपलास काय!" आणि राजे ओरडले, "देतोय ना!" आणि दिल्या उजव्याने विमान गोल फिरत खाली येऊ लागले. पाच वर्षांची सवय अंगठ्यात मुरलेली; बुद्धी काही सांगे आणि अंगठा आपल्याच मार्गाने जाई.

दोरीमागे राणीसाहेब कन्येचा खांदा धरोन उभ्या होत्या. त्यांची रीत ऐसी की त्या आकाशाकडे कधी पाहात नसत, माणसांकडे पाहात. त्या बोलिल्या, "ऋजू, बाबा असा उजवीकडे का वाकलाय?" आणि कन्या, जिची दृष्टी वर होती, बोलिली, "उजवीकडे? पण ते तर डावीकडे... आई! पट्टी उलटी आहे! त्याला सांग, उलटी आहे!" दोघींनी हाका मारिल्या, परंतु वारा समोरून, आणि नाना कानाशी ओरडत, राजियांस काही ऐकू जाईना. कन्येने मागे वळोन आईकडे पाहिले. राणीसाहेबांचा हात तिच्या खांद्यावरी होता तो तसाच राहिला, क्षणभर, दोन क्षण, आणि विमान तोवर आणखी एक गिरकी खाली आले. मग राणीसाहेबांनी खांदा सोडिला आणि दोरी स्वहस्ते वर उचलिली आणि बोलिल्या, "जा. पळ. पंख्यापासून लांब राहा." पंखा तेव्हा झाडाइतका उंच होता, परंतु तोंडात तेच आले.

कन्या वीस पावले धावली आणि राजियांचे कोपराशी जाऊन बोलिली, "बाबा, उलटं आहे, डावीकडे दे!" राजे बोलिले, "कळतंय गं, पण हात ऐकत नाहीये!" तेव्हा तिने टाचा उंचावोन आपला अंगठा बापाच्या अंगठ्यावरी ठेविला आणि डावीकडे दाबिला. "सैल सोड ना, बाबा! ढकलू नकोस!" राजियांनी अंगठा सैल सोडिला. आणि टिटवी कलती होती ती हळूहळू सरळ जाहली, पंख सपाट, नाक पुढे. परंतु उंची राहिली नव्हती. "पंखा बंद," कन्या बोलिली, आणि राजियांनी दुसऱ्या हाताने पंखा बंद केला, आणि टिटवी घसरत घसरत घाणेरीच्या झुडपात जाऊन शिरली. काडकन आवाज जाहला.

सर्व धावत गेले. डावा पंख मधोमध मोडला, पंख्याचे एक पाते गेले, शेपूट शाबूत. कन्येने तुकडे वेचोन पिशवीत घातले, काट्यांतले बारीक कपटेही घातले. मग आईपाशी येऊन नीट उभी राहोन बोलिली, "मोडलं. म्हणजे दहावीनंतर." राजे मध्येच बोलिले, "चूक माझी आहे गं. काल मी नाकाकडून बघितलं." राणीसाहेब बोलिल्या, "आणि मी हलतात का विचारलं. कुठं हलतात ते विचारलंच नाही." मग कन्येचे हात हाती घेऊन उलटसुलट पाहिले. अंगठा लाल जाहला होता. "भीती नाही वाटली तुला?" कन्या बोलिली, "वाटली की. पण ते वर होतं ना. आधी खाली आणायचं होतं. मग रडणार होते." "मग?" "मग विसरले."

राणीसाहेब झुडपाकडे पाहात राहिल्या. मग नानांस विचारिले, "नाना, पंख चिकटवायला किती वेळ लागतो?" नाना बोलिले, "पंखाला अर्धा तास. ताई, विमानं मोडली नसती तर आम्ही इतकी माणसं एकमेकांना ओळखलीच नसती. ह्या माळावर ओळखी सगळ्या डिंक मागण्यावरून झाल्यात." "आणि शिकवायचं झालं तर?" तेव्हा नानांनी टोपी काढोन खरे ते सांगितले. दोन रिमोट एका तारेने जोडता येतात. उस्तादाने कळ दाबोन धरिली तोवर विमान शिष्याचे हाती, कळ सोडिली की त्याच क्षणी उस्तादाचे हाती. राणीसाहेबांनी पाच प्रश्न विचारिले. तार निघाली तर काय, नाना शिंकले तर काय, ऐसे. पाचांची उत्तरे मिळाली तेव्हा बोलिल्या, "घरी गेल्यावर तिसरं कलम खोडायचं." राजे बोलिले, "त्याला तिघांच्या सह्या लागतील." "तुझी विचारात घेत नाही. तू आरोपी आहेस." कन्या मोठ्याने हसली आणि हसता हसता तिला रडू आले, ते राहिलेले होते तेवढे आले, आणि राणीसाहेबांनी तिला जवळ घेऊन येऊ दिले.

आठवडाभर टिटवीची डागडुजी जाहली. पुढील रविवारी, वद्य पंचमीस, पट्ट्या शेपटीमागे उभे राहोन तिघांनी तीन वेळा तपासिल्या, नानांनी चौथ्यांदा, आणि तार जोडोन विमान वर नेले, आणि पुरते उंच गेल्यावरी बोलिले, "घे गं. आता तुझं." आणि कळ दाबोन धरिली. कन्येने दांडी धरिली. विमान प्रथम डगमगले आणि मग माळावरोन मोठी फेरी घेऊ लागले. त्या दिवशी राणीसाहेब दोरीच्या आत, कन्येच्या शेजारी उभ्या होत्या आणि तिची बोटे पाहात होत्या, तिची हनुवटी, तिच्या बुटाची सुटलेली नाडी. कन्या मान न हलविता बोलिली, "आई, माझ्याकडे काय बघतेस? वर बघ ना. ते वर आहे."

मग राणीसाहेबांनी वर पाहिले. सकाळचे ऊन थर्माकोलातून आरपार येत होते आणि दोन्ही पंख आतून दिवा लावावा तैसे उजळले होते, आणि मोडलेल्या जागी डिंकाची रेघ तेवढी गडद दिसत होती. टिटवी वळली की ऊन एका पंखावरोन दुसऱ्यावरी जाई. आवाज अगदी लहान, भुंग्याएवढा. पाच वर्षे त्या माळावरी येत होत्या आणि हे त्यांनी पाहिले नव्हते. नानांनी कळ एकदाही सोडिली नाही. मग रिमोटाची शिटी वाजली की बॅटरी उतरत आली, आणि नाना बोलिले, "आता मी उतरवतो." तेव्हा राणीसाहेब वर पाहतच बोलिल्या, "नाना, किती वेळ आहे अजून?" "दोनेक मिनिटं असतील, ताई." राणीसाहेब बोलिल्या, "मग ऋजू, अजून एक फेरी घे. त्या पलीकडच्या झाडावरून."

ऐसी ही हकीकत. विमान एकदा पडिले, एकदा जोडिले, पुढेही पडेल, डिंक घरी आणोन ठेविला आहे. राणीसाहेबांची काळजी कमी जाहली म्हणावे तर तैसे नव्हे. परंतु ती आता दोरीच्या आत उभी राहते. मातुश्रींनी एका रविवारी स्वतः यावे आणि पाहावे. माळावरी सावली नाही, टोपी आणावी. खुर्ची येथून नेऊ. लेखनसीमा.