देवकते सरांची ग्रीक मडकी

देवकते सर माणसाच्या तोंडाकडे बघत नाहीत. तुम्ही त्यांच्या फाटकातून आत या, नमस्कार करा, गोड हसा, सगळं वाया. सरांची नजर थेट तुमच्या हातावर. खुर्चीत पुढे सरकून ते विचारतात, ‘‘हातात काय हाय?’’ हातात पेढ्यांचा पुडा असला तर उत्तमच, पण छत्री, पिशवी, अगदी लाटणं असलं तरी चालतं. रिकाम्या हाताचा माणूस मात्र त्यांना खपत नाही. ‘‘असं मोकळंच आलं तर वळखायचं कसं तुमाला?’’ म्हणून ते माणसाला परत पाठवतात. आमच्या पडेगावच्या कॉलनीत एका घरचा नवा जावई ओळख करून घ्यायला गेला, तर त्याला दारातूनच माघारी फिरावं लागलं. बिचारा सासऱ्यांची तुळशीची कुंडी उचलून परत आला. मग सरांनी त्याला चहा पाजला आणि तेव्हापासून तो कॉलनीत ‘तुळसवाले’ झाला.

ही सवय सरांना ग्रीक मडक्यांनी लावली, असं आम्ही सगळे समजत होतो.

सर चित्रकलेचे शिक्षक. मूळचे खुलताबादकडच्या एका वाडीवरचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. खेड्यापाड्यांतल्या पोरांना जन्मभर पेला, पेरू आणि फुलदाणी काढायला शिकवून ते निवृत्त झाले, आणि एके दिवशी घड्याळाचा पट्टा आणायला म्हणून शहरातल्या शहागंज बाजारात गेले. तिथे एक रद्दीवाला एका जाडजूड पुस्तकावर स्टोव्ह ठेवून चहा उकळत होता. सरांनी स्टोव्ह बाजूला करायला लावून पुस्तक उघडलं. आत पानोपानी मडकी. लाल मडक्यांवर काळी माणसं, काळ्या मडक्यांवर लाल माणसं, झोंबाझोंबी, रथ, राक्षस. ‘‘लेको जाव ना सर,’’ रद्दीवाला म्हणाला, ‘‘अपने को तो खाली नंगे लोगां दिखते इसमें.’’ सर पट्टा विसरले आणि पुस्तक बगलेत मारून रिक्षात बसले.

पुस्तक जर्मन भाषेतलं निघालं. सरांना जर्मन येत नाही, कॉलनीत कुणालाच येत नाही. त्यामुळे सरांना अडवणारं कुणी उरलं नाही. चित्राखालची नावं तेवढी ते अक्षर लावून वाचतात, बाकीचा अर्थ स्वतः काढतात.

‘‘तोंडं बघूच नका,’’ हा त्यांचा पहिला धडा. ‘‘त्या चितारणाऱ्याला एकच नाक येत व्हतं. तेच त्यानं समद्यांना वाटलं. देव काय आन् घोड्याचा मोतद्दार काय, नाक एकच. तवा हातात काय, डोक्यावर काय आन् पायाशी काय, येवढंच बघायचं.’’ मग बोट फिरू लागतं. ‘‘हा बघा, हातात त्रिशूळ. लगीच हात जोडू नका, आपला महादेव नव्हं हा. खाली मासा हाय. हा पाण्याचा देव. तिकडचा पाणीपुरवठा ह्याच्याकडं.’’ आमच्या नळांना पाणी कधी येईल याचा भरवसा नसल्यामुळे या देवाबद्दल कॉलनीत पहिल्यापासून नाराजी आहे.

त्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे ग्रीकांचा बलदंड वीर हेराक्लेस. सिंहाचं कातडं पांघरलेला, हातात सोटा. ‘‘उन्हाळ्यात बी कातडं काढत नाय बेणं!’’ एका मडक्यावर हा हेराक्लेस भलंमोठं जिवंत रानडुक्कर खांद्यावर घेऊन आलाय आणि ते आणायचा हुकूम देणारा राजा घाबरून रांजणात शिरलाय. रांजणाच्या तोंडातून फक्त डोकं आणि दोन हात बाहेर. हे चित्र आलं की सर मांडीवर थाप मारतात. ‘‘हा आमचा हेडमास्तर! ऑर्डर काढायला वाघ, आन् काम करून आणलं की रांजणात!’’

ग्रीक वीरांना कपड्यांचं वावडं, ही एक अडचण होती. बायका-पोरं पुस्तक बघायला येऊ लागली तेव्हा काकूंनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, एका दुपारी बसून जिथे लाज राखायची तिथे तिथे टिकल्या लावून टाकल्या. मोठ्या वीराला मोठी टिकली, लहानाला लहान. सर चिडले, पण काकू ऐकणाऱ्यातल्या नाहीत. पुढे कुणीसा पाहुणा ते लाल ठिपके बघून म्हणाला, ‘‘सर, ही काही धार्मिक खूण असावी का?’’ सरांनी गंभीरपणे मान हलवली. ‘‘असावी. मोठमोठ्यांनाच हाय बघा.’’ आत स्वयंपाकघरात काकूंच्या हातून भांडं पडलं.

एकच पान ते कधी दाखवत नसत. ते जवळ आलं की दोन पानं एकदम उलटायचे. ‘‘ह्ये आपल्या कामाचं नाय,’’ म्हणायचे, आणि पुन्हा हेराक्लेस.

पुस्तक संपलं तशी सरांनी कॉलनी वाचायला घेतली. ग्रीकांचा एक निरोप्या देव आहे, त्याच्या वहाणांना पंख असतात. आमचा कुरिअरवाला तोच झाला. सोटा घेऊन फिरणारा वॉचमन अर्थातच हेराक्लेस. त्याला आपण कोण झालोय ते कळलं नाही, पण तो खूश आहे. आणि मी? मी चितेगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. संध्याकाळी मोटारसायकलवरून परतताना सरांच्या फाटकाशी थांबतो तेव्हा माझ्या हातात लाल हेल्मेट असतं. ग्रीक मडक्यांवर शिरस्त्राणवाली देवी एकच, अथेना. मला झुपकेदार मिशा आहेत, पण मिशा तोंडावर असतात आणि तोंड बघायचं नसतं. ‘‘या अथेना, बसा!’’ असं सर भर रस्त्यात ओरडतात. माझी बायको आधी लाजली, मग चिडली, आणि आता भांडण झालं की तीही मला अथेनाबाईच म्हणते.

‘‘पण सर, ही अथेना करते काय?’’ मी एकदा विचारलं.

‘‘काय बी करत नाय. हेराक्लेस सिंहाशी झोंबतोय, ही मागं हुबी. राक्षसाशी झोंबतोय, ही मागं हुबी. येक बोट लावत नाय.’’

‘‘मग तिचा उपयोग काय?’’

‘‘कामून? ती मागं हाय म्हणून तर ह्यो झोंबतोय!’’

काकूंची खूण म्हणजे पिवळी पिशवी. प्लास्टिकच्या वायरीने विणलेली, हळदीसारखी पिवळीधमक. भाजीला तीच, देवळात तीच, दवाखान्यात तीच. एका लग्नात तर पैठणीवर ती पिशवी बघून बायका पदराआड हसल्या. ‘‘असू द्या बाई, सवय झालीय,’’ एवढंच काकू म्हणाल्या.

मग माझी दाढ काढली तो दिवस. तोंडात कापसाचा बोळा, सुट्टी घेतलेली, आणि आमचा दूधवाला गावी गेल्यामुळे हातात दुधाची किटली. सरांच्या फाटकावरून जाताना मी किटली उंचावून नमस्कार केला. सर ताडकन उठले. ‘‘थांब! दुधात पाणी घालतोस का पाण्यात दूध? काल चहा केला तर चहाला सुतक आल्यावानी रंग! लाज वाटत नाय?’’ मी बोळ्यातून ‘‘शल, मी, मी’’ करत होतो. सर म्हणाले, ‘‘दारू बी पितोस व्हय सकाळी सकाळी?’’ वॉचमन हसून हसून कट्ट्यावर बसला. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला कळलं. सर पद्धतीचे पक्के, हातात किटली म्हणजे दूधवाला, ओळखीची भीडभाड नाही, असं म्हणून आम्ही त्यांचं कौतुकच केलं. फक्त काकू हसल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी काकू बहिणीकडच्या बारशाहून परतल्या. पिवळ्या पिशवीचा बंद तिथेच तुटला होता, म्हणून हातात आहेराची कागदी पिशवी. त्या फाटक उघडून आत आल्या आणि ओसरीवरून सर अदबीने म्हणाले, ‘‘बाई, मंडळी घरी नाहीत आमची. उद्याच्याला या.’’

काकू उलट्या पावली आमच्या घरी आल्या. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

‘‘भाऊ, ती पिशवी मी हौसेनं घेत नव्हते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांना चार हातावरचं तोंड दिसत नाय. रंग कळतो, हातातलं कळतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर म्हणतात, साधं ऑपरेशन हाय, पण आता थांबलात तर अवघड. ह्ये ऐकत नायत. डोळ्याला हात लावू देणार नाय म्हणतात. लोकांना कळू नये म्हणून ते मडक्यांचं सोंग.’’ मग हळूच म्हणाल्या, ‘‘आज मला बाई म्हणाले हो.’’

मला फार वाईट वाटलं. ज्या विद्येवर आम्ही इतके दिवस खो खो हसत होतो, तिच्या आड हा माणूस एकटाच अंधाराशी झोंबत होता.

दुसऱ्या दिवशी हेल्मेट घेऊन सरांकडे गेलो. ‘‘या अथेना!’’ मी डोळ्यांचं काढलं, त्यांनी हेराक्लेस काढला. मी डॉक्टरांचं काढलं, त्यांनी रांजण काढला. शेवटी, ते टाळतात काय ते तरी कळावं म्हणून मी पुस्तक माझ्याकडे ओढलं आणि ते नको असलेलं पान उघडून समोर धरलं. डाव्या बाजूला एक राक्षसासारखा माणूस बसलेला, आणि दोन-तीन जणांनी मिळून एक लांब, टोकदार वासा त्याच्या डोळ्यात खुपसलेला. उजव्या बाजूला तोच आंधळा राक्षस मेंढरांच्या पाठींवरून हात फिरवतोय, आणि शेवटच्या मेंढ्याच्या पोटाखाली एक माणूस चिकटून पळून चाललाय.

सरांनी डोळे जवळ नेले नाहीत. त्यांना ते पान पाठच होतं.

‘‘ह्यो पोलिफेम,’’ ते म्हणाले. ‘‘मेंढका.’’

‘‘सर, ह्या पोलिफेमचं मी मोबाइलवर वाचलंय. हा माणसं खायचा.’’

‘‘खाल्ली असतील. पन मेंढरावर हात कसा ठेवलाय बघा. असा हात फकस्त मेंढक्याचा आसतो.’’ सरांनी पानावर हात ठेवला. ‘‘माज्या बापाचा, आबांचा, असाच व्हता. त्यांच्या डोळ्यात सारा, म्हंजे मोतीबिंदू, यायला लागला. जत्रंत एक जण आला, म्हणला, सुई फिरवतो, चांदण्या दिसतील. चौघांनी आबांना धरलं. मी पाय धरले व्हते. त्या चित्रात वासा धरलाय तसे. दोन्ही डोळे गेले.’’

आतून येणारा भांड्यांचा आवाज थांबला होता.

‘‘मंग रोज सांजच्याला आबा मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसायचे. येकेक मेंढरू आत जाताना पाठीवर हात. हातानंच वळखायचे, कुणाची लोकर, कुणाचं खुब्याचं हाड. आमाला जवळ घ्यायची, कुरवाळायची रीत नव्हती बघा. मंग मी काय करायचो, समद्यात शेवटी, मेंढरांत वाकून, चार पायांवर आत जायचो. आबांचा हात डोक्यावर पडायचा. त्यांना कळायचं की हो, मेंढराला काय असे केस असतात? पन म्हणायचे, ‘आज मागं राहिलास व्हय रं?’ बास, तेवढ्यासाठी जायचो. ह्या चित्रातला पळायला पोटाखाली शिरला. मी हात लागावा म्हणून शिरायचो.’’

काकू दारात येऊन उभ्या होत्या. हात रिकामे, पिठाने भरलेले.

‘‘आबांना हात फिरवायला मेंढरं तरी व्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी काय करणार? सगळ्या कॉलनीच्या बायकांच्या डोक्यावरनं हात फिरवत मला हुडकणार का?’’

सर त्या आवाजाच्या दिशेने बघत राहिले. मग हसू लागले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते पुसता पुसता म्हणाले, ‘‘मार खाईन की गं!’’ हसणं ओसरल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं. ‘‘अथेना, गाडीचं बघा. पन येक सांगतो. तुमी यायचं. हेल्मेट घेऊन. मागं हुबं राहायचं.’’

म्हणून ऑपरेशनच्या दिवशी आम्ही रिक्षाने गेलो असूनही मी दवाखान्यात हेल्मेट घेऊन हजर होतो. नर्सने दोनदा विचारलं, ‘‘गाडी कुठे लावलीत?’’ मी सांगितलं, गाडी नाही. तिने माझ्या मिशांकडे, हेल्मेटकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. आत नेईपर्यंत सर वळून वळून लाल रंग शोधत होते. मी काही केलं नाही, नुसता उभा राहिलो. इतकं महत्त्वाचं काम मी कारखान्यातही कधी केलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पहिल्या डोळ्याची पट्टी काढायची होती. काकूंनी औषधांची पिवळी पिशवी, बंद शिवून आणलेली, माझ्या हातात दिली आणि त्या मागे भिंतीला टेकल्या. देवाला हात जोडायचे होते त्यांना. तेवढ्यात डॉक्टरांनी पट्टी काढली. सरांनी डोळा उघडला. समोर मी, एका हातात लाल हेल्मेट, एका हातात पिवळी पिशवी. पद्धतीप्रमाणे पाहिलं तर मीच अथेना आणि मीच काकू.

सरांनी हेल्मेट बघितलं, पिशवी बघितली, आणि मग पहिल्यांदाच नजर वर नेली. ‘‘तुमी असे दिसता व्हय?’’ ते म्हणाले. आवाजात निराशा स्पष्ट होती.

मग त्यांनी मला कोपराने बाजूला सारलं. मागे काकू उभ्या होत्या, हात रिकामे, मान खाली. सर उठले, त्यांच्यापर्यंत गेले, आणि डॉक्टर, नर्स, बाकड्यावरचे पेशंट, सगळ्यांच्या देखत त्यांनी काकूंच्या डोक्यावर हात ठेवला. पांढऱ्या झालेल्या केसांवरून तो सावकाश मागे नेला.

‘‘आज मागं राहिलीस व्हय गं?’’ सर म्हणाले.