कासवतात्यांची व्युत्पत्ती

एका जंगलात, मुलांनो, शब्दांची फार काळजी घेतली जायची. प्राण्यांची तेवढी नाही.

तिथे साळिंदर गुरुजी नावाचे मोठे विद्वान राहायचे. अंगभर लेखण्याच लेखण्या. चष्मा जाड, स्वभाव किरकिरा. थोडक्यात, माझ्यासारखेच. म्हणून या गोष्टीत मी त्यांची बाजू घेणार आहे.

दर वर्षी गुरुजी एका शब्दावर परिसंवाद घ्यायचे. ज्याचा शब्द, त्याला हार घालून पहिल्या रांगेत बसवायचे. यंदा 'कासव' निघाला. डोंगरावर राहणारे कासवतात्या लगबगीनं आले, म्हणजे त्यांच्या मानानं. खरं तर ते हार खायला आले होते.

गुरुजी म्हणाले, "कासव हा शब्द कच्छप या शब्दावरून आला. कच्छ म्हणजे पाण्याकाठची ओली जमीन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. लिहिताना मीही डोलावली.

तात्या झेंडू चावत म्हणाले, "पण गुरुजी, पाण्यातली कासवं वेगळी. मी डोंगरावरचा. मला पोहताही येत नाही."

गुरुजींचे काटे उभे राहिले. आता एक तर व्युत्पत्ती चुकली होती, नाहीतर तात्या. आणि व्युत्पत्तीपायी गुरुजींनी अख्खं तारुण्य घालवलं होतं.

"तात्या, तुम्ही भलत्याच ठिकाणी राहताय," गुरुजी मायेनं म्हणाले. "यांना तळ्याच्या काठी सोडून या रे!"

माकडांनी तात्यांना उचललं. माकडांचा उत्साह काही काठावर थांबत नाही.

"अरे, बुडतोय मी! काढा मला!" तात्या ओरडले.

"थोडं पुढे गेलं," गुरुजी म्हणाले, "पण दिशा बरोबर आहे."

तात्या दिसेनासे झाले. टाळ्या पडल्या. गुरुजींना शाल आणि नारळ देण्यात आला. मला फार वाईट वाटलं, पण चालू सत्कारात मध्येच बोलणं बरं दिसत नाही.

तेवढ्यात तात्या तळाच्या चिखलातून चालत, धापा टाकत बाहेर आले. गुरुजींपुढे उभे राहिले.

"मेलो असतो मी, गुरुजी! मला घरी जाऊ द्या."

गुरुजींनी चष्मा पुसला. "आपण कोण?"

"मी कासव."

"कासव पाण्यात आहे," गुरुजी म्हणाले. "आत्ताच सिद्ध झालं. आपला शब्द कुठला, ते पुढच्या वर्षी पाहू. तोवर मागे बसा."

तात्पर्य: प्रत्येकानं आपल्या नावाच्या अर्थाप्रमाणे राहावं, कारण शब्दकोश सुधारायला फार वर्षं लागतात, बुडायला लागत नाहीत. माझं आडनाव तळेकर. मला पोहता येत नाही. म्हणून हल्ली मी विद्वानांपासून लांब राहतो, आणि दाढीसुद्धा आरशाशिवाय करतो.