केळापूरची बिनचाकाची गाडी

"पुढे सरका! पुढे सरका ना बाप्पा! दारात कायले गर्दी करून राह्यले?"

सकाळी साडेसहाला, मारेगावबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर गुलाबकाका ओरडत होते. दार नव्हतं, गाडी नव्हती आणि गर्दी म्हणजे तीन शेळ्या. पण आवाज असा, की शेळ्या मुकाट्यानं पुढे सरकल्या. तिकडे वणीच्या स्टँडवरच्या उभ्या गाड्याही हातभर सरकल्या, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

गुलाबकाका माझे शेजारी. एकतीस वर्षं एस.टी.त कंडक्टर. निवृत्त झाले, पण उतरले नाहीत. दुसरी पोळी हवी असली की ताटावर दोन टिचक्या मारतात, "डबल!" लग्नात मंगलाष्टकं लांबली तर भटजींना विचारतात, "टाइम होऊन राह्यला, सोडायची का गाडी?"

असा हा माणूस त्या दिवशी मारेगावहून केळापूरला एकटा पळत निघाला होता. मनाचा आजार असलेल्यांसाठी पैसे उभे करायला.

"दवाखाना यवतमाळले हाय, मास्तर," ते मला म्हणाले होते. "पेशंट एकटा जात नाही. सोबतच्याची मजुरी बुडते, भाडं दोघाईचं. पहिल्या खेपेले दोघं चढत, मी पाह्यलं ना. दुसऱ्या खेपेले शीट रिकामी."

त्या रिकाम्या शीटसाठी ही धाव. अंगात खाकी शर्ट, खाली हाफ पँट, खांद्याला चामडी बॅग आणि हातात तिकिटांचा जुना ट्रे. वर्गणीची पावती नाही. छापखान्यातून तिकिटंच छापून घेतलेली. मागून लुनावर मी, पाणी, केळी आणि बाम घेऊन.

धावायची रीतही एस.टी.चीच. प्रत्येक थांब्यावर थांबायचं, माणूस असो नसो. मिनिटभर वाट पाहायची, बॅगेवर टिचक्या मारायच्या, "डबल!" आणि सुटायचं. एका व्यापाऱ्यानं मोटार थांबवून पाचशेची नोट पुढे केली.

"सुटे द्या!"

"काका, देणगी आहे. सगळे ठेवा."

"एका माणसाले एकच तिकीट. जास्तीचे घेतले तं चेकिंगवाला धरीन मले!"

बिचारा पानठेल्यावर जाऊन सुटे घेऊन आला, आणि येताना ठेल्यावरचे पाच जणही घेऊन आला. सहा तिकिटं फाटली. काकांची ही युक्ती होती की सवय, हे मला अजून कळलेलं नाही.

करंजीच्या पुढे एका थांब्यावर एक आजी पिशवी घेऊन बसल्या होत्या. खाकी शर्ट दिसताच त्यांनी विचारलं, "कंडक्टरसाहेब, पांढरकवड्याची गाडी कवा येते?"

"येतेच, माय," काका म्हणाले आणि उभे राहिले. दहा मिनिटं, वीस मिनिटं.

"काका, पाचला पोचायचंय," मी म्हणालो. "केळापूरला देवळासमोर लोक हार घेऊन थांबलेत."

"प्याशिंजर सोडून कंडक्टर जात नसते."

मग ते कट्ट्यावर बसले आणि मी कधीच न ऐकलेल्या आवाजात बोलले. हळू.

"वासुदेव माहा डायवर. एकोणीस वर्षं त्याच्या मागं उभा राह्यलो. त्यानं एक दिवस याच थांब्यावर गाडी थांबवली, उतरला अन् इथंच बसला. रडून राह्यला होता. अन् मी का केलं? घंटी मारली. चाल लेका, टाइम होऊन राह्यला म्हनलं."

"मग?"

"मंग का? उठला. गाडी टाइमावर पोचवली. दुसऱ्या दिवसापासून घरी बसला, तो अजून बसलाच हाय, केळापूरले. दवाखान्यात चाल म्हनलं का भिंतीकडं पाह्यते. आज निरोप धाडला, पाचले पळत येतो, सोमवारी माह्यासंगं यवतमाळले चाल."

"येतील ते?"

"मले का माहीत? तो बोलतच नाही तं."

गाडी आली. काकांनी आजींना हात धरून चढवलं, पिशवी आत दिली आणि मगच पळायला लागले. चाळीस मिनिटं गेली होती.

केळापूरला देवळासमोर ताशा वाजत होता. काका गर्दीला वळसा घालून सरळ गल्लीत शिरले. त्यांच्यासाठी उचललेला हार माझ्या गळ्यात पडला, फोटोही माझाच निघाला. तो हार घेऊनच मी लुना त्यांच्या मागे हाणली.

वासुदेव ओसरीवर बसला होता. तोंड भिंतीकडे, पण अंगात इस्त्रीचा खाकी शर्ट.

काकांनी धापा टाकत दोन तिकिटं फाडली. "यवतमाळ. सोमवार. दोन शीट," ते म्हणाले आणि एक तिकीट त्याच्याजवळ ठेवलं. मी टिचक्यांची वाट पाहत होतो. त्या वाजल्या नाहीत. काका पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. तिकडे ताशाही थकून थांबला.

तेव्हा वासुदेवानं तिकीट उचललं, उलटसुलट पाहिलं आणि वरच्या खिशात ठेवलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे मान केली.

"चाळीस मिनटं लेट आली गाडी," तो म्हणाला.