पाटीवरचे अकरा फूट

जेवणाच्या टेबलावर तीन दिवस कुणी जेवलं नव्हतं, कारण त्यावर अख्खा डोंगर पसरलेला होता. चढ लाल पेन्सिलीने, उतार निळ्या पेन्सिलीने आणि अवघड वळणांना गोल. नकाशावर पाटीसाहेब पालथे पडले होते आणि त्यांची बायको ताटं मांडीवर घेऊन वाढायला शिकली होती.

पाटीसाहेब हे काही आडनाव नव्हे. रस्ते खात्यात तीस वर्षं त्यांनी पाट्या लावल्या. ‘पुढे धोकादायक वळण’, ‘सावकाश जा’, ‘उतारावर खालचा गिअर टाका’, सगळ्या त्यांच्याच. निवृत्त झाल्यावर पाट्या सुटल्या, नाव राहिलं. मग हौसेने त्यांनी एक जंगी मोटरहोम घेतली. आत दोन पलंग, छोटासा ओटा, आणि छतावर एसी. बायको तिला ‘चाकांवरचं बिऱ्हाड’ म्हणायची.

डोंगरापलीकडे बायकोची थोरली बहीण राहायची. ताईंचे यजमान दोन वर्षांपूर्वी गेले, आता त्या घर विकून परदेशी मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी सहाची ट्रेन, पुढे विमान. बायकोचं मागणं एवढंच होतं, की घराला कुलूप लागण्याआधी दोघी बहिणींनी ताईच्या ओट्यापाशी बसून एकदा पोटभर जेवायचं, पोटभर बोलायचं.

“बाहेरच्या रस्त्याने जाऊ या,” बायको म्हणाली. “रुंद आहे, चढ कमी आहेत. दोन तास जास्त लागले तर लागू देत. पहाटे निघू.”

“बोगद्याने साडेबाराला पोचतो. उतार मोजलेत मी, ब्रेक तापणार नाहीत.”

“बोगद्यावर अकरा फुटांची पाटी आहे. आपलं बिऱ्हाड अकरा फूट तीन इंच आहे, तुम्हीच सांगितलंत.”

पाटीसाहेबांनी आजूबाजूला कुणी नाही ना ते पाहिलं. स्वतःच्याच घरात! “बोगदा बारा फूट आहे. पाटी मी लिहिली. मुद्दाम एक फूट कमी लिहिलं.”

“म्हणजे खोटं लिहिलंत?”

“खोटं कसलं? सावधगिरी! अगं, लोकांना जेवायला आठला बोलावलं की ते नऊला उगवतात. म्हणून सातला सांगायचं.”

“आणि सातला सांगितलं की सातलाच येणारा कुणी असेल तर?”

“असा माणूस अजून जन्माला यायचाय,” पाटीसाहेब म्हणाले आणि नकाशाची घडी घातली.

शनिवारी सकाळी बिऱ्हाड निघालं. चढ झकास पार पडला. एकेका पाटीपाशी पाटीसाहेब, शाळेत मास्तर हजेरी घेतात तसे, “ही माझी, ही पण माझी” म्हणत होते. साडेअकराला बोगदा आला. बायकोने ‘उंची ११ फूट’ मोठ्याने वाचलं. पाटीसाहेब नुसते हसले आणि आत शिरले.

आधी वरून खर्र्र आवाज आला, मग कडाड, आणि बिऱ्हाड जागच्या जागी थांबलं. पुढे जाईना, मागेही येईना. एसी बोगद्याच्या छताला असा रुतून बसला होता की जणू तिथेच बसवलेला होता. पाच मिनिटांत मागे हॉर्न सुरू झाले. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला.

“काका, पाटी वाचता येत नाही का?”

“अरे, ती पाटी मी लिहिलीय!”

“वा! लिहिता येतं, वाचता येत नाही?”

आता खात्याची माणसं आली. पाटीसाहेबांच्या खुर्चीवर आलेल्या नव्या इंजिनिअर बाईही आल्या. त्यांनी उंचीची काठी उभी केली, पाहिलं, पुन्हा पाहिलं. “साहेब, बरोबर अकरा फूट.”

“शक्य नाही! बारा आहे. मी स्वतः मोजलाय.”

“तेव्हा असेल. नंतर आत डांबराचे तीन थर पडले, चार-चार इंचांचे. रस्ता वर आला.” बाई जरा घुटमळल्या. “तिन्ही फायलींवर मंजुरीची सही तुमचीच आहे, साहेब.”

पाटीसाहेबांचा चेहरा पडला. बायकोने घड्याळाकडे पाहिलं. तिने फोन लावला. “ताई, आम्ही बोगद्यात अडकलोय गं. आता कसलं तुझ्या ओट्यावर जेवण!” तिचा आवाज फुटला. पाटीसाहेबांना त्या क्षणी आपल्या तीनही सह्या खोडाव्याशा वाटल्या.

तासाभराने बोगद्याच्या पलीकडच्या तोंडातून एक बाई चालत आली. एका हातात सुटकेस, दुसऱ्यात चार पुडांचा डबा. ताई! शेजाऱ्यांच्या गाडीने पलीकडे उतरल्या होत्या.

“किल्ली देऊन आले. घरात आता भिंतीच उरल्यात, त्यांच्याशी काय बोलायचं?” असं म्हणत त्यांनी बहिणीला जवळ घेतलं, मग वर छताकडे आणि खाली चाकांकडे पाहिलं. “भाऊजी, हवा सोडा की चाकांमधली! चार बोटं खाली बसेल गाडी, मग हळूच मागे घ्या.”

ट्रकवाला चपापला. “काकू, तुम्हाला हो कसं माहीत?”

“जन्मभर ट्रकवाल्याच्या घरात नांदले मी.”

हवा सोडली, बिऱ्हाड खाली बसलं आणि कुरकुरत मागे आलं. ट्रकवाल्याने आपल्या पाइपने हवा भरून दिली. एसी मात्र बोगद्यापाशीच राहिला. आता डोंगरापलीकडचं स्टेशन गाठायला बाहेरचा रस्ता धरण्यावाचून गत्यंतर नव्हतं. दोघी बहिणी मागे छोट्याशा ओट्यापाशी डबा उघडून बसल्या. पाटीसाहेबांना पुढे एक घास आणून दिला, तो त्यांनी न खाताच बाजूला ठेवला.

“ताई, फार चुकलं माझं,” ते म्हणाले. “बोगदा पूर्वी बारा होता. पाटी मी कमी लिहिली होती.”

“माहीत आहे,” ताई मागून म्हणाल्या.

गाडी जराशी हलली. “माहीत आहे?”

“यांचा ट्रक साडेअकरा फूट. तुम्हाला विचारलंही होतं एकदा, खरंच अकरा आहे का म्हणून. तुम्ही म्हणालात, पाटी म्हणजे पाटी. पुढे एकदा यांनीच बांबू लावून मोजलं. बारा भरलं.”

“मग गेले का नाहीत बोगद्यातून?”

“मीही तेच विचारलं. तर म्हणाले, साडूने लिहिलंय ना, काहीतरी विचार करूनच लिहिलं असेल. आपण शहाणपणा करायचा नाही. रोज याच लांबच्या रस्त्याने जायचे. एकवीस वर्षं.”

पाटीसाहेबांचे ओठ हलायला लागले. रोजचे दोन तास, एकवीस वर्षं...

“अहो, गणित नका करू,” बायको हळूच म्हणाली. “पुढे बघा.”

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने पुढे येऊन तो त्यांच्या कानाशी धरला. नव्या इंजिनिअर बाई होत्या. “साहेब, नवी पाटी करतेय. सावधगिरी म्हणून दहाच लिहू का?”

“नको हो, नको!” पाटीसाहेब जवळजवळ ओरडलेच. “मोजलेली उंची अकरा, असं लिहा. साडेदहाच्या वरची गाडी नेऊ नका, असंही लिहा. आणि अर्धा फूट का सोडलाय, तेही लिहा.”

“एवढं पाटीवर मावणार नाही, साहेब.”

“मग पाटी मोठी करा!”

रस्ता खरंच चांगला होता, रुंद, सावलीचा. फक्त संपता संपत नव्हता.

“भाऊजी, त्या पुढच्या वळणावर जरा थांबवा,” ताई म्हणाल्या. “हे रोज तिथे थांबायचे. टेलिफोनचा बूथ होता तेव्हा.”

“फोन कुणाला करायचे?”

“मला. आज जरा उशीर होईल, तू जेवून घे म्हणायला.”

पाटीसाहेबांनी गाडी बाजूला घेतली.