फळ्यावरची बेचाळीस नावं

आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत पाणी येणार नसेल, तर ते आम्हाला पाणी गेल्यावरच कळतं. कारण जिन्याखालचा फळा सुदामकाका लिहितात, आणि 'सर्व रहिवाशांना कळविण्यात येते' असं लिहायचं नाही हा त्यांचा पण आहे. ते बेचाळीस खोल्यांची बेचाळीस नावं लिहितात. निरोपाला खाली बोटभर जागा उरते.

काका कोर्टातले निवृत्त शिपाई. जन्मभर दारात उभं राहून लोकांची नावं पुकारली. त्यात रद्दीवाल्याकडचा एक जाडजूड शब्दकोश हाती लागला आणि माणूस कामातून गेला. कोणी 'पब्लिक' म्हणायचा अवकाश, काका त्याला गॅलरीत अडवतात. एकदा मी 'रयत' म्हणालो.

"रयत म्हणजे काय, ठाऊक आहे? मूळ अरबी. राखणीतला कळप. मेंढरं आहोत काय रे आपण?"

"मग जनता म्हणा, काका."

"ते बरं. जनता म्हणजे जन्माला आलेले सगळे. पण जन्मल्यावर बारसं केलं ना? मग नाव लिही की."

मी जिन्याची वाट धरली.

परवा टाकी धुवायची होती. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात 'आज पाणी नाही' होतं, ते कोणी वाचलंच नाही. कांबळे मास्तरांनी तोंडाला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत येऊन माझ्या नावाने शिमगा केला. सेक्रेटरी मी. मिटिंगमध्ये ठरलं, फळा काकांकडून काढून घ्यायचा. ते सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. काकी गेल्यापासून ते एकटेच असतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि खडूची डबी पुढे सरकवली. मग म्हणाले, "लिहिताना मी एकेक नाव मोठ्याने म्हणतो रे. तेवढीच सगळ्यांना हाक मारून होते. नाहीतर इथे येतंय कोण?"

मला लाज वाटली. दोन दारं सोडून राहतो, पण महिनोन्महिने तिकडे फिरकलो नव्हतो. डबी तिथेच ठेवून उठलो आणि जाताना चार घरी हे सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी निरोपांसाठी वेगळा फळा टांगला. काका आपल्या फळ्यापाशी आले, खडू टेकवून म्हणाले, "मंदा पेडणेकर."

"ओ काका," पहिल्या मजल्यावरून मंदावहिनींनी ओ दिली, "चहा टाकलाय. वर या."

काकांनी तेवढं नाव फळ्यावर लिहिलं. मग त्या एका नावापुढे घाईघाईने 'वगैरे' लिहून जिना चढू लागले.