गेडिसबाईंच्या घरची ओल

एल्सपेथला सराव परीक्षेत गणितात शंभरपैकी एकतीस मार्क पडले आणि तिच्या आईने, म्हणजे इशबेल गेडिसने, तो कागद दोनदा वाचला. पोरीला जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. ग्लासगोच्या कॉलेजने जागाही देऊ केली होती, पण मे महिन्यातल्या हायर, म्हणजे तिथल्या बारावीच्या, परीक्षेत गणित सुटलं तरच. गणित नाही तर जहाज नाही, असा सरळ मामला होता.

"शिकवणी लावू या," नवरा रॉरी म्हणाला.

"हळू बोल," असं म्हणून इशबेलने आधी खिडकी लावून घेतली.

त्याला कारण होतं. आर्ब्रोथ गावातल्या त्या गल्लीत मुलाला शिकवणी आहे हे कबूल करणं म्हणजे घरात ढेकूण झालेत हे कबूल करण्यापैकी होतं. त्यात इशबेलने महिन्यापूर्वीच, चर्चनंतरच्या चहाला, चारचौघींत नाक वर करून सांगितलं होतं, "आमच्या पोरीला नाही बाई शिकवणी लागत. ज्यांच्या घरात अभ्यासाचं वातावरण नसतं ना, त्यांना लागते." ऐकणाऱ्यांत समोरच्या घरातली नेटा रेनीही होती आणि नेटाचा ग्रेगर एल्सपेथच्याच वर्गात होता.

आता शिक्षक शोधायचा, पण कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. इशबेल दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिने तिथेच चौकशी सुरू केली, तीही फक्त जबडा बधिर झालेल्या पेशंटांकडे. ते निदान दोन तास तरी कुणाशी बोलू शकणार नव्हते. तिसऱ्या आठवड्यात एका अक्कलदाढवाल्याने लाळ पुसत चिठ्ठीवर नाव लिहून दिलं: अ‍ॅबरक्रॉम्बी, मॉन्ट्रोज.

अ‍ॅबरक्रॉम्बी सर निवृत्त गणितशिक्षक होते, मॉन्ट्रोज गावाहून बसने यायचे, आणि त्यांची बुधवारची दुपार तेवढी मोकळी होती; इशबेलने पाच ते सहाचा तास ठरवला. इशबेलने त्यांना फोनवरच बजावलं, "सर, गल्लीत कुणाला काही सांगायचं नाही."

"एका घरची गोष्ट मी दुसऱ्या घरी नेत नाही, बाई," सर म्हणाले. "पस्तीस वर्षं हेच करतोय."

पहिल्याच बुधवारी सर बाहेर पडले आणि नेटा फाटकाशी उभी.

"कोण गं ते बॅगवाले?"

"ते होय," इशबेलच्या तोंडून निघून गेलं, "ओल बघायला आले होते. मागच्या भिंतीला ओल आलीय."

"तासभर बघत होते?"

"खोलवर गेलीय म्हणे. दर बुधवारी यावं लागणार."

नेटाने बसस्टॉपकडे निघालेल्या सरांच्या बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पण आहे गं ओल. थोडीशीच."

पुढच्या बुधवारी चार वाजता इशबेलने पडद्याआडून पाहिलं, तर अ‍ॅबरक्रॉम्बी सर चक्क नेटाच्या घरात शिरत होते. तिला काही सुधरेना. भिडस्त माणूस, नेटाने गाठून नेलं असणार आणि आता बिचारा तिच्या भिंती ठोकत बसला असणार, असं ती धरून चालली. सर बाहेर आले सव्वापाचला. त्याच्या पुढच्या बुधवारी नेटाकडून निघाले तर नऊ नंबरच्या मिसेस क्रॉलने त्यांना ओढून नेलं. एल्सपेथच्या वाट्याला आले ते साडेपाचला, कोटावर केकचा भुगा सांडलेला, आणि सहाला बससाठी उठले.

"सर, तुम्ही त्यांच्याकडे करता काय?" इशबेलने न राहवून विचारलं.

"आपलं ठरलंय ना, बाई? एका घरचं दुसऱ्या घरी नाही."

"पण तुम्हाला जमतं का ते?"

सरांना ते लागलं असावं. "आजवर तक्रार नाही कुणाची," ते ताठ होऊन म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

इशबेलचं डोकं चालेना. रॉरीला विचारावं तर तो म्हणाला, "गणिताचा मास्तर, ओलही मोजत असेल." मार्च उजाडला होता. एल्सपेथचा तास वीस मिनिटांवर आला होता आणि ती रोज रात्री जेवताना म्हणायची, "आई, मला अजून लॉगॅरिदम कळलेलं नाही." आपल्या एका थापेपायी पोरीचं जहाज बुडणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

शेवटी तिने डोकं लढवलं. गल्लीला ओलीचाच माणूस हवाय ना, मग खरा पाठवू. तिने डॉड पेट्रीला फोन केला. डॉड छपरं आणि भिंती दुरुस्त करायचा, तोंडातून शब्द मोजून काढायचा. "बुधवारी चारला रेनीबाईंकडे जा," तिने सांगितलं, "आणि म्हणायचं, बुधवारच्या गृहस्थांच्या जागी आलोय, ओलीसाठी. माझं नाव नको." सरांना तिने कळवलं, नेटाकडे आता दुसरा माणूस येणार, तुम्ही थेट पाचला आमच्याकडे या.

त्या बुधवारी अ‍ॅबरक्रॉम्बी सर पाचच्या ठोक्याला दारात. इशबेलला हर्ष झाला. सहा वाजता सर गेले आणि मागोमाग मागच्या दाराने डॉड आला. हातात ओल मोजायचं यंत्र, चेहरा पार गोंधळलेला.

"बाई, त्या घरात ओल नाहीये."

"नाही?"

"टिपूस नाही. मी यंत्र काढलं तर त्या बाई म्हणाल्या, ते राहू द्या, आणि मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर त्यांचा पोरगा. चहा दिला, बिस्किटं दिली, आणि कागद पुढे केला. वर्तुळाचं समीकरण."

इशबेल खुर्चीत बसली.

"तुम्ही म्हणाला नाहीत, मी भिंतीवाला आहे म्हणून?"

"दोनदा म्हणालो. त्या डोळा मारून म्हणाल्या, हो हो, आम्हाला माहितीये."

सगळा उलगडा तिला आता झाला. नेटाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. मिसेस क्रॉललाही, तिच्याही घरात हायरला बसणारं पोर होतं. गल्लीभर ओल झाली होती ती हायरच्या गणिताची, आणि आपण मात्र सरांना भिंती जमतात का विचारत होतो.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सोडवलं," डॉड म्हणाला. "रोज छपरांचे उतार काढतो, बाई. पोराला कळलं. पुढच्या बुधवारी बोलावलंय, तिथून नऊ नंबरला. पण मी जायचं की नाही ते सांगा. हे काही माझं काम नव्हे."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. इशबेलने एल्सपेथच्या बंद दाराकडे पाहिलं. आतून ती मोठ्यांदा लॉगॅरिदम घोकत होती.

"जा," इशबेल म्हणाली. "मे महिन्यापर्यंत जात जा."

ऑगस्टमध्ये निकाल फोनवर आला. एल्सपेथ पास, तीही बी ग्रेड घेऊन. ती रडली, रॉरी रडला, आणि इशबेलला इतकं भरून आलं की आता लपवाछपवी बास, असं ठरवून ती तशीच रस्ता ओलांडून नेटाकडे गेली. ग्रेगरही सुटला होता. ए मिळाला होता मेल्याला.

"नेटा, आता सांगूनच टाकते," इशबेल म्हणाली. "ओल वगैरे काही नव्हती. आम्ही एल्सपेथला शिकवणी लावली होती."

नेटाने हात छातीवर ठेवला. "शिकवणी?"

"म्हणजे काय, तुला माहीतच होतं की."

"मला कसं माहीत असणार? मी आपली तुझ्या भिंतीची काळजी करत होते." तिने इशबेलचा दंड थोपटला. "वाईट नको वाटून घेऊस. सगळ्याच मुलांना एकट्याने नाही जमत. आमच्या ग्रेगरला जमलं, आमचं नशीब."

डॉडचं नाव इशबेलच्या ओठांवर आलं होतं. पण मग त्याला तिथे पाठवलं कुणी, हेही सांगावं लागलं असतं. तिने ओठ मिटले आणि ग्रेगरचं अभिनंदन केलं.

संध्याकाळपर्यंत तीन बायका येऊन तिचा हात हातात घेऊन धीर देऊन गेल्या. मिसेस क्रॉलने तर सूपही आणलं. पोरगी पास झाली का, हे मात्र एकीनेही विचारलं नाही.